फोडणीचा ठसका

२ सप्टेंबर, सोमवार

शिफ्ट संपली की नोंदवहीत चार ओळी खरडायच्या, ही माझी आयुष्यभराची सवय. कारखाना बंद पडला, वही गेली, सवय तेवढी राहिली. म्हणून ही नवी वही. इथे मॅनेजरची सही लागत नाही, ते एक बरं.

तर नोंद अशी, की आजपासून आमच्या स्वयंपाकघरात बटाट्याचे रोल तयार होऊ लागले. कल्पना हिची, म्हणजे माझ्या बायकोची. पोळीला हिरवी चटणी लावायची, वर मसाल्याचा बटाटा, लिंबू पिळलेला कांदा, गुंडाळी करून कागदात बांधायचं. कोपऱ्यावरच्या कुरियर ऑफिसातल्या लोकांना दुपारी धड खायला मिळत नाही, हे हिने कुठूनतरी हेरलं आणि तिथल्या मोठ्या बाईंशी परस्पर ठरवूनही आली. मला काल संध्याकाळी फर्मान सुटलं.

"उद्या लवकर उठायचं. पोळ्या लाटायला माणूस हवाय."

मी म्हणालो, मी फोरमन होतो, लाटणं माझ्या हाताला माहीत नाही.

"मग फोरमनगिरी करा. पण उठून करा."

'उठून' हा शब्द कुठे जाऊन लागतो ते मला कळतं. कारखाना बंद झाल्यापासून मी जरा जास्तच आडवा असे. भिंतीकडे तोंड, डोक्यावर चादर. जेवायला बोलावलं तरी ओ द्यायचा कंटाळा यायचा. त्यातच मार्चमध्ये तो गोळ्यांचा घोळ झाला. मोजण्यात चूक झाली, दुसरं काही नाही. वरच्या मजल्यावरची नर्स धावत आली, हॉस्पिटल झालं, लेक रजा टाकून आली, आणि हिने तर ते नको इतकं मनावर घेतलं. चूक काय, कुणाच्याही हातून होते.

माझ्या पोळ्या आज पोळ्या कमी आणि नकाशे जास्त झाल्या. ही पोट धरून हसली. किती दिवसांनी. हसता हसता तिला खोकला लागला. कढईत मिरची जळत होती, मलाही ठसका लागला, दोघंही डोळे पुसत बसलो.

५ सप्टेंबर, गुरुवार

या धंद्यातली शिस्त कारखान्यापेक्षा कडक आहे. उकडलेला बटाटा पुरता गार झाल्याशिवाय कुस्करायचा नाही, नाहीतर त्याची खळ होते. सारण गार आणि पोळी गरम असतानाच गुंडाळी करायची. उलट केलंत तर पोळी चिरते नाहीतर ओली पडते. हे सगळं ही मला एखाद्या नवशिक्याला सांगावं तसं सांगते आणि मी मान डोलावतो.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. ही फोडणी एकदाच करत नाही. थोडा बटाटा, थोडी फोडणी, तो संपला की पुन्हा कढई, पुन्हा तेल, पुन्हा मोहरी. मी म्हणालो, एकच मोठी फोडणी कर, सगळ्या बटाट्यावर ओत, केवढा वेळ वाचेल.

"तुमच्या कारखान्यात वेळ वाचवून वाचवून शेवटी काय झालं?"

शिवाय फोडणीच्या वेळी मला आत थांबायची बंदी. "व्हा बाहेर, ठसका लागेल," म्हणते, आणि दार लोटून घेते. मी गॅलरीत उभा राहतो. आत हिचा खोकला चालू असतो. मी बाहेरून ओरडतो, "एक दिवस ती मिरची जीव घेईल तुझा." आतून उत्तर येतं, "तोवर पोळ्या लाटा."

१४ सप्टेंबर, शनिवार

खालच्या दातांच्या डॉक्टरांकडूनही मागणी सुरू झाली. दात काढून घेणाऱ्यांना नव्हे, डॉक्टरांच्या मदतनिसांना. हिचा विनोद आहे, मी फक्त नोंद केली.

जिन्यात वरची नर्स भेटली. ड्यूटीवरून येत होती, डोळ्यांत झोप. म्हणाली, "काका, काकूंचा खोकला ऐकू येतो मला स्वयंपाकघराच्या डक्टमधून."

मी म्हणालो, फोडणीचा ठसका.

"दुपारी चारलाही?"

"दुपारी ती उद्याचा मसाला भाजते." आणि ती खरोखरच भाजते, मी काही थाप मारली नाही. नर्स माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी ओठांवर आलं होतं तिच्या, ते तिने गिळलं. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना जिकडेतिकडे रोगच दिसत असावेत. काविळीवाल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी बिचारी थकलेली असते, तिला झोप हवी, आपण आवाज करतो." संध्याकाळी वाटीभर चटणी घेऊन वर गेली ती बऱ्याच वेळाने उतरली. चटणी द्यायला एवढा वेळ? बायकांच्या गप्पा, दुसरं काय. डोळे मात्र हिचे लाल होते. म्हणाली, तिने कांदा चिरायला घेतला होता, मी चिरून दिला.

२९ सप्टेंबर, रविवार

पंधरवडाभर वहीला हात लावला नाही, कारण फुरसत नाही. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटलं, म्हणून पुन्हा लिहितो. फुरसत नाही.

रोज दाढी करतो. पहाटे कुणी हाक मारायच्या आत उठतो. कणिक मी मळतो, पोळ्या मी लाटतो, अर्धवट भाजून फडक्यात मी ठेवतो, सारणही मीच भरतो, आणि डबे पोचवायलाही मीच जातो. कुरियरवाल्या बाई मला 'रोलवाले काका' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान तापले. आता कुणी नाही म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं.

लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, तुमचा हा आवाज किती दिवसांनी ऐकला." ही शेजारी उभी राहून ऐकत होती, पदर तोंडावर धरून. मला वाटलं हसते आहे. मग लगबगीने आत गेली आणि मिक्सर लावला. लेक म्हणाली, आईला द्या फोन. आई चटणी वाटते आहे म्हणून सांगितलं. चटणी हल्ली ही इतकी वाटते की गंध होतं तिचं. जरा भरड ठेव म्हटलं, तर ऐकू आलं नाही असं दाखवते.

हिलाही हे काम मानवलं आहे. सुटली होती ती आता सडपातळ झाली, ब्लाउज ढगळ व्हायला लागले. मी म्हणालो, या वयात कुणाला दाखवायचं आहे? म्हणाली, "दिसू दे की थोडी बारीक. तुमच्या आईने जन्मभर भोपळा म्हटलं मला." झोपते मात्र स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून, बसूनच जवळजवळ. पाठ दुखते, आडवं होववत नाही म्हणे. मी पाठीला तेल लावून द्यायला गेलो तर लावू दिलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मला बढती मिळाली. हिने मला फोडणी शिकवायला घेतली.

स्वतः स्टुलावर बसली आणि मला गॅसपुढे उभं केलं. "तेल तापलं का ते एक मोहरी टाकून बघा. ती लगेच उडाली तरच बाकीच्या टाका. मोहरी बोलायची थांबली की हिंग. मग मिरची, मग आलं-लसूण. लसूण तांबूस व्हायला लागला की लगेच हळद, आणि हळद पडली की गॅस बंद. हळद जळली तर सगळं कडू." मी लसूण जाळला. तिने कढई रिकामी करायला लावली. पुन्हा केलं, या वेळी हळद जळली. पुन्हा केलं. माझा घाम निघाला. एरवी सांडलेलं मीठसुद्धा उचलून ठेवणारी बाई, तिने आज तीन फोडण्या मुकाट्याने ओतू दिल्या.

मी विचारलं, एवढी घाई कसली? हळूहळू येईल की.

"तुम्ही काय जन्मभर पोळ्याच लाटणार?"

या बोलण्याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. कारखान्यात हेल्परचा ऑपरेटर झालो होतो तेव्हा असंच वाटलं होतं. मी म्हणालो, मग आता दार लोटून मी आत राहतो आणि तू गॅलरीत जा, ठसका तुला लागायला नको. तिने स्टूल आणखी ओट्याजवळ सरकवलं. मग म्हणाली, "नको, मी इथेच बरी."

२० ऑक्टोबर, रविवार

काय झालं ते क्रमाने लिहितो. क्रमातच सगळं आहे.

रविवारी आमची कढई बंद असते. दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतून हिचा खोकला आला. मी सवयीने रुमाल नाकाला लावला आणि मिरचीची झळ यायची वाट बघत बसलो. झळ येईना. खोकला काही थांबेना. मग कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग लायटर. मग बऱ्याच वेळाने मोहरी तडतडली आणि तेव्हा कुठे डोळ्यांत झोंबलं.

उठून दारात गेलो. ती ओट्याला दोन्ही हातांनी धरून वाकली होती. कढईत नुसती फोडणी. बटाटा नाही, भाजी नाही, आमटी नाही. काहीच नाही.

मी म्हणालो, "रविवारची कसली फोडणी ही?"

"वाटलं करावी."

रोज मी गॅलरीत असतो आणि दार लोटलेलं असतं. आधी काय आणि मग काय, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मशीन आधी खडखडलं आणि बटण नंतर दाबलं गेलं, तर कालचा हेल्परसुद्धा सांगेल की काहीतरी बिघडलं आहे. आधी ठसका, मग फोडणी. दिवसातून इतक्या वेळा फोडणी का लागते, ते मला आज कळलं. खोकला आला की ही कढई चढवत होती.

मी विचारलं, "कधीपासून?"

ती म्हणाली, "गॅस बंद करा, करपतंय."

२१ ऑक्टोबर, सोमवार

डबे पोचवून आलो आणि घरी न थांबता वर गेलो. नर्सने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे केली. मी काही विचारायच्या आत बोलायलाच लागली.

सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तिने हिचा एक्स-रे काढवला होता, तिच्याच हॉस्पिटलात. मी डबे पोचवायला बाहेर पडलो असताना. फुप्फुसात गाठ. ताबडतोब दाखल व्हा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मी तीनदा भांडले काकूंशी, काका. त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. माझं चुकलं. मी शपथ मोडायला हवी होती."

"पण का?"

ती खाली बघत होती. "त्या म्हणाल्या, हे आत्ता कुठे उठलेत. मी झोपले तर हे परत झोपतील. आणि या वेळी तू वेळेवर पोचली नाहीस तर?"

मार्चमध्ये मोजण्यात चूक झाली नव्हती. मी नीट मोजल्या होत्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही, आणि मला वाटत होतं की कुणाला ठाऊक नाही. हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या थापेला ती सात महिने हो हो म्हणत आली.

मला माझी शिसारी आली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दाखल केलं. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं. डॉक्टर तरुण आहेत, आवाज मऊ ठेवून बोलतात. त्यांनी विचारलं, खोकला कधीपासून. मी म्हणालो, दीड-दोन महिने. ती म्हणाली, "उन्हाळ्यापासून." म्हणजे रोल सुरू व्हायच्याही आधीपासून.

मला बाहेर बोलावून सांगितलं की आता पसरलंय. त्रास कमी करता येईल. बरं करता येणार नाही. मी विचारलं, सप्टेंबरात आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित थोडे दिवस जास्त." ही दया होती की खरं होतं, मला ओळखता आलं नाही.

आत गेलो. नाकात नळी, केस मोकळे, एवढीशी दिसत होती. मी म्हणालो, "अगं, दुखणं असं अंगावर काढतात का? मला सांगायचं नाही?"

"तुम्ही उठला होतात," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग लेकीला फोन केला का म्हणून विचारू लागली.

६ नोव्हेंबर, बुधवार

लेक आली आहे. सकाळी ती थांबते, दुपारपासून मी. खाटेवरून ही रोज विचारते, आज किती नेले, कुरियरवाल्या बाई काय म्हणाल्या, कोथिंबीर ताजी मिळते का. मी सांगतो. बाई म्हणाल्या आज तिखट झकास होतं. दातवाल्यांनी दोन वाढीव मागितले. ती डोळे मिटून ऐकते आणि तिचा चेहरा सैल होतो.

सगळ्या थापा. दाखल केलं त्या दिवसापासून घरात एक पोळी लाटली गेलेली नाही. कुरियर ऑफिसाला सांगून टाकलं की बंद. पिठाच्या डब्याचं झाकण काढवत नाही मला. सकाळी लेक हॉस्पिटलात गेली की मी आडवा होतो. मात्र इथे यायच्या आधी एक काम न चुकता करतो. कढईत तेल, मोहरी, हिंग, मिरची. हळदीपर्यंत जातच नाही, धूर झाला की पुरे. त्या धुरात सदरा घालून उभा राहतो आणि मग सगळं ओतून देतो. कारखान्यात साहेब पाहणीला यायचे तेव्हा आम्ही बंद मशीनही फिरवून ठेवायचो. तीच विद्या.

लेकीला कळलं आहे. तिने घरातल्या कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घासायला घेतली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पकडला गेलो.

तिने नेहमीसारखं विचारलं, मी नेहमीसारखं सांगत होतो. तिने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, मायेने घेतला. ती नखं बघत होती.

"हळद कुठाय?"

मी म्हणालो, साबणाने धुतले.

"हळद साबणाने जात नाही. दोन महिने तुमची नखं पिवळी होती, मी रोज बघत होते. आता साहेबासारखी आहेत." मग म्हणाली, "सदऱ्याला वास मात्र चांगला लावून आलात."

तिने हात सोडला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हे असं फिरवलेलं तोंड समोरून कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. तिने ते वर्षभर बघितलं होतं. मी तिला हाक मारली. ओ दिली नाही. लेक कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

बऱ्याच वेळाने, तोंड न वळवता, थांबत थांबत बोलली. दम पुरत नव्हता तिला. "त्या धुरात मी हौस म्हणून उभी राहिले का? माझं जे व्हायचं ते होणारच होतं. एक माणूस जाणार होतं, ते जाऊ दे. दोन नकोत. एवढंच मागितलं होतं मी."

मी म्हणालो, उद्यापासून करतो.

"उद्या म्हणू नका. बटाटे आजच आणून ठेवा."

११ नोव्हेंबर, सोमवार

रविवार सोडून तीन दिवस झाले करतोय. पहिला घाणा फेकून द्यावा लागला. घाईत बटाटा गरम असतानाच कुस्करला, त्याची खळ झाली, पोळीला चिकटून बसली. फोरमनच्या हाताखाली सगळंच रिजेक्ट. दुसऱ्या दिवशी जरा जमलं. कुरियरवाल्या बाई खाऊन म्हणाल्या, चव वेगळी आहे, पण चालेल. मग हळूच विचारलं, काकू कशा आहेत. सांगता सांगता तिथेच काउंटरपाशी उभा राहिलो. त्यांनी पाणी दिलं.

आज एक रोल कागदात बांधून हिच्यासाठी नेला. गिळता येत नाही तिला, पातळ पेज तेवढी जाते. तिने रोल छातीवर ठेवून कागद सोडला, बोटांनी गुंडाळी उलगडली आणि तपासणी सुरू केली.

"सारण गार होतं का?"

"होतं."

"पोळीही गार होती. ही बघा चीर." थोडं सारण बोटांत चुरलं. "कोथिंबिरीचे देठ घालायचे, टाकायचे नाहीत. वास देठात असतो." मग बोट नाकाशी नेऊन म्हणाली, "लसूण जळलेला नाही."

शेवटचं वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. तिने माझी नखं पुन्हा बघितली, पण काही बोलली नाही. बरीच वर्षं संसार करून मला एवढं कळतं, की ती काही बोलली नाही म्हणजे पास.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हल्ली बोलत नाही फार. रोल नेला की नुसती हात ठेवते त्यावर. आज मी म्हणालो, उद्या काम बंद ठेवतो, दिवसभर इथे बसतो. तिने मान हलवली. नाही. मी पुन्हा म्हणालो. तिने पुन्हा मान हलवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दिला.

मला तिच्यापाशी बसायचं आहे. सगळं सोडून नुसतं बसायचं आहे. ती मला बसू देत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फोन वाजला तेव्हा तव्यावर पोळी होती. लेक होती फोनवर. ऐकलं. पोळी उलटली, शेकली, उतरवली. मग गॅस बंद केला. पोळी का उलटली ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप चालले.

लेक म्हणाली, सकाळी आईने डोळे उघडून विचारलं, "गेले का कामाला?" लेकीने सांगितलं, हो, पोळ्या लाटतायत. आई म्हणाली, "बरं." त्यानंतर काही बोलली नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

लेक काल परत गेली. तिला नोकरी आहे, दोन लहान मुलं आहेत. माझ्याकडे चला म्हणून खूप मागे लागली. मी येतो म्हणालो नाही आणि येत नाही असंही म्हणालो नाही. जाताना बॅगेत माझे चार कपडे भरून घेऊन गेली, म्हणजे मला जावं लागेल. आईच्याच वळणावर गेली आहे.

आज सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं. कुरियर ऑफिसाला आजपासून पुन्हा सुरू करतो म्हणून शब्द दिला होता. बटाटे उकडून ठेवले होते कालच. तरी उठवेना. घरात कुणी नाही, कुणी हाक मारणार नाही, उठलो काय आणि नाही उठलो काय. पडून राहिलो. मार्चमध्ये होते ते विचार आले. आले म्हणून लिहितो, लपवत नाही. ती गेली ती मी असं पडून राहावं म्हणूनच का, असंही वाटलं. मग वाटलं की हे वाटणंसुद्धा आळशीपणाचंच आहे. तरी पडूनच होतो.

दार वाजलं. मी उघडत नाही म्हटल्यावर जोरात वाजलं. मग दणदणायलाच लागलं.

उठून उघडलं. नर्स. अंगात ड्यूटीचे कपडे, पायात एकच चप्पल, दुसरी जिन्यात राहिली असावी. धापा टाकत होती. मला उभा बघून भिंतीला टेकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"वास आला नाही," ती म्हणाली.

"कसला?"

"फोडणीचा. डक्टमधून येतो ना. ताई काल गेल्या, म्हणून आज लक्ष ठेवून होते." तिने डोळे पुसले, ओशाळली. "काकूंनी सांगून ठेवलं होतं. सकाळी फोडणीचा वास आला नाही, तर खाली जाऊन दार वाजव म्हणून. उघडलं नाही तर तोड म्हणाल्या."

मी विचारलं, "किती दिवस करायचं ठरलंय हे?"

"दिवस नाही सांगितले त्यांनी."

मी आत गेलो, कढई ठेवली, गॅस पेटवला. एक मोहरी टाकून बघितली. ती उडाली तेव्हा बाकीच्या टाकल्या. नर्स मोहरी तडतडेपर्यंत दारातच उभी होती, मग आपली चप्पल शोधत वर गेली.